दुपारी चार एकेचाळीस

ग्राहकसेवेच्या खिडकीतून झालेल्या एका चोरीचा घटनाक्रम. सगळ्या वेळा भारतीय, म्हणजे ग्वाल्हेरच्या पडाव चौकातल्या घड्याळाच्या.

ग्राहकसेवेत यंत्र बसवलं की ते काय बोलून बसेल, याचीच धास्ती सगळ्यांना असते. ती खोटीही नाही. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या डीपीडी या कुरिअर कंपनीच्या बॉटनं एका ग्राहकाच्या आग्रहाखातर शिव्या घातल्या आणि स्वतःच्याच कंपनीची निंदा केली. पुढच्याच महिन्यात कॅनडात एका लवादानं एअर कॅनडाला सुनावलं, की तुमच्या बॉटनं सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं असेल तर भरपाई तुम्हीच द्यायची. रक्कम होती साधारण ८१२ कॅनेडियन डॉलर. दोन्ही गोष्टींवर लोक पोटभर हसले.

ऑगस्ट २०२५ मध्ये जे झालं त्यात बॉट एकही शब्द चुकीचा बोलला नाही. आलेल्या पाहुण्याला तो नेहमीच्याच अदबीनं ‘काय मदत करू?’ विचारत राहिला. आणि त्याच्या खिशातल्या किल्लीनं सातशेहून अधिक कंपन्यांची कोठारं उघडली गेली. त्यातल्या एका कंपनीनं, क्लाउडफ्लेअरनं, चोर कधी आला, काय पाहून गेला, याचा हिशेब नंतर मिनिटा-मिनिटानं जाहीर केला. म्हणून ही उलटी मोजणी तिच्या घड्याळानं.

उरलं दीड वर्ष: फेब्रुवारी २०२४

विक्री विभागांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी सेल्सलॉफ्ट ही अमेरिकी कंपनी ‘ड्रिफ्ट’ विकत घेते. ड्रिफ्ट २०१४ सालची, बॉस्टनची. संकेतस्थळाच्या उजव्या कोपऱ्यात खाली जो गप्पांचा चौकोन उघडतो, तो तिचा धंदा. आधी ठरावीक उत्तरं देणारा बॉट, मग एआय एजंट.

असा एजंट नुसता बोलून भागत नाही. समोरचा जुना ग्राहक आहे की नवा, हे त्याला पाहावं लागतं. बोलणं झालं की नोंद करावी लागते आणि योग्य माणसाकडे पाठवावी लागते. ही नोंदवही बहुतेक मोठ्या कंपन्यांत सेल्सफोर्समध्ये असते. म्हणजे एजंटला सेल्सफोर्समध्ये शिरायला परवाना हवा.

तो मिळतो ओऑथ नावाच्या पद्धतीनं. पडद्यावर एक खिडकी येते: ‘ड्रिफ्टला तुमची माहिती वाचू-लिहू द्यायची का?’ कंपनीतला कुणी अधिकारी ‘अलाऊ’ दाबतो. ड्रिफ्टला पासवर्ड मिळत नाही, टोकन मिळतं. अक्षरांची एक लांब माळ. ती दाखवली की दार उघडतं. जोडीला आणखी एक टोकन असतं, पहिल्याची मुदत संपली की नवं काढून देणारं. त्याला पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही. ज्यानं बटण दाबलं तो उद्या नोकरी सोडून गेला तरी माळ चालू राहू शकते.

बटण दाबायला लागतात दोन सेकंद. त्या काळात ते दाबायची घाईही मोठी होती. बंगळूरच्या ‘दुकान’ या कंपनीच्या प्रमुखानं जुलै २०२३ मध्येच जाहीर केलं होतं, की सपोर्टमधली ९० टक्के माणसं काढून बॉट बसवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वीडनच्या क्लार्नानं सांगितलं, की आमचा एआय सहायक ७०० माणसांचं काम करतो. अशा बातम्या वाचून बैठकीला बसलेल्या कुठल्या संचालकाला ‘या टोकनची मुदत किती?’ हे सुचणार?

उरले पाच महिने: मार्च ते जून २०२५

सेल्सलॉफ्टच्या गिटहब खात्यात कुणीतरी शिरतो. गिटहब म्हणजे कंपनीच्या प्रोग्रॅमचं कोठार. पाहुणा घाईत नाही. तो काही कोड उतरवून घेतो, एक पाहुणा-खातं जोडून ठेवतो, आजूबाजूला पाहणी करतो. मार्च, एप्रिल, मे, जून. हे उघड होतं सप्टेंबरमध्ये, मॅंडियंट या सुरक्षा-कंपनीच्या तपासानंतर.

तिथून तो ड्रिफ्ट जिथे चालतं त्या अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरवर पोचतो. तिथे ग्राहक-कंपन्यांनी ड्रिफ्टला दिलेली टोकनं ठेवलेली असतात, एकाच ठिकाणी. एका कंपनीचं कुलूप फोडायला आलेल्याला शेकडो कंपन्यांचा जुडगा मिळाला.

उरले १९१ तास: शनिवार, ९ ऑगस्ट, संध्याकाळी ५:२१

राखीपौर्णिमा. क्लाउडफ्लेअरच्या यंत्रणेवर एक बारीक टकटक होते.

क्लाउडफ्लेअर म्हणजे इंटरनेटच्या वेशीवरचा पहारा. जगातली सुमारे पाचातली एक वेबसाइट तिच्या आडोशाला असते. तिनं एका ग्राहकाला दिलेलं टोकन चालतं का, हे कुणीतरी ‘ट्रफलहॉग’ नावाच्या अवजारानं तपासून पाहतो. मजकुराच्या ढिगाऱ्यातून किल्ल्या आणि पासवर्ड हुंगून काढणं हे या अवजाराचं काम. सुरक्षेची माणसं ते वापरतात, चोरही वापरतात. उत्तर येतं ४०४, सापडत नाही. दार उघडत नाही.

गूगलच्या शोधपथकानं पुढे सांगितलं, की ही मोहीम ८ ऑगस्टलाच सुरू झाली होती. ९ तारखेला ड्रिफ्टच्या ईमेल-जोडणीच्या टोकनांनी गूगल वर्कस्पेसची अगदी मोजकी खातीही वाचली गेली. क्लाउडफ्लेअरला त्या संध्याकाळी यातलं काही कळण्याचं कारण नव्हतं. अयशस्वी तपासण्या तिच्याकडे रोज अगणित होतात.

उरले १०९ तास: बुधवार, १३ ऑगस्ट, पहाटे ३:४४

पडावात पहाट व्हायची आहे. सॅन फ्रान्सिस्कोत मंगळवारची दुपार, ३ वाजून १४ मिनिटं, कचेरी भरलेली. क्लाउडफ्लेअरच्या सेल्सफोर्समध्ये एक लॉगिन होतं. नाव सेल्सलॉफ्टच्या जोडणीचं, टोकन खरं, परवाना चोख.

कुलूप तुटलं नाही म्हणून आवाज झाला नाही. माणूस रात्री-बेरात्री भलत्या देशातून लॉगिन झाला तर यंत्रणा फोनवर कोड मागते. यंत्राला फोन नसतो. एजंटनं केव्हाही यावं, कितीही वेळा यावं, यासाठीच तर त्याला नेमलेलं. माणसाच्या बाबतीत संशयास्पद ठरणारं सगळं वागणं एजंटच्या बाबतीत रोजचं काम असतं. चोराला याहून बरा वेश कुठे मिळणार?

आत येऊन तो फक्त यादी मागतो: इथे कोणकोणते कप्पे आहेत?

उरले ८८ तास: गुरुवार, १४ ऑगस्ट, रात्री १:०३

पुन्हा येतो. या वेळी त्याची नजर ‘केस’ या कप्प्यावर असते. सपोर्टच्या भाषेत तिकीट. ग्राहकानं तक्रार केली की तिकीट उघडतं. विषय, मजकूर, उलटसुलट पत्रव्यवहार, संपर्क सगळं त्यात.

क्रेडिट कार्डाचे आकडे नाहीत, पगाराचे तपशील नाहीत, मग तिकिटांत चोराला काय मिळायचं? सपोर्टच्या खुर्चीत कधी बसलेल्या कुणालाही विचारा. अडलेला ग्राहक काहीही लिहितो. ‘चालत नाहीये, हे घ्या आमचं कॉन्फिगरेशन’ म्हणून आख्खी फाइल डकवतो. लॉग डकवतो आणि त्या लॉगमध्ये टोकन असतं. पासवर्ड लिहितो आणि खाली ‘प्लीज अर्जंट’ असंही लिहितो. ज्या गोष्टी तो आपल्या सहकाऱ्यालाही सांगणार नाही, त्या तो मदत मागताना अनोळखी चौकोनात ओततो. कंपनीच्या लेखी तिजोरी भलतीकडेच असते. खरं जवाहीर तक्रारपेटीत पडलेलं असतं.

चोराला हे ठाऊक होतं. अ‍ॅमेझॉनच्या किल्ल्या, स्नोफ्लेक या डेटा-सेवेची टोकनं, पासवर्ड हेच ही टोळी ठिकठिकाणी धुंडाळत होती, असं गूगलनं नंतर नोंदवलं.

उरले ८३ तास: गुरुवार, १४ ऑगस्ट, पहाटे ५:४७

आता मोजदाद. खाती किती, संपर्क किती, वापरणारे किती. मग तिकीट कुठून कुठे जातं, त्याची रचना कशी. मग ही यंत्रणा दिवसाला किती मागण्या मान्य करते, म्हणजे मर्यादा ओलांडून घंटा वाजणार नाही. अजून एक ओळही चोरलेली नाही. घर बांधायला आलेला मिस्त्री जितकं मोजमाप घेत नाही तितकं हा घेतो. त्याची प्रत्येक मागणी सेल्सफोर्सच्या नोंदींत इमानानं उतरत असते. वाचणारं कुणी नसतं.

उरले दोन दिवस: १५ आणि १६ ऑगस्ट

शांतता. क्लाउडफ्लेअरच्या हिशेबात या दोन भारतीय दिवसांत काहीही नाही.

ग्वाल्हेरात मात्र शनिवारी, १६ तारखेला, जन्माष्टमी. पडावजवळच फूलबागेत गोपाळ मंदिर आहे, माधवराव शिंद्यांनी १९२१ साली उभारलेलं. इथल्या राधाकृष्णाचे संस्थानकालीन दागिने कित्येक कोटींचे. पाचू, माणकं, मोत्यांचे हार, सोन्याचे मुकुट. वर्षभर ते बँकेच्या लॉकरमध्ये. जन्माष्टमीला नगर निगमचे अधिकारी यादी घेऊन जातात, एकेक नग मोजून ताब्यात घेतात, पोलिसांच्या पहाऱ्यात आणतात. एक दिवस देव नटतो. मग तीच यादी, तीच मोजणी, आणि दागिने पुन्हा लॉकरमध्ये. पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून. गेल्या साली दिलेली परवानगी या साली चालत नाही.

ड्रिफ्टला दिलेलं टोकन असं कुणी मोजून परत घेतलं नव्हतं.

उरले पावणेसोळा तास: रविवार, १७ ऑगस्ट, रात्री १२:५६

कृष्णजन्म होऊन तासही झालेला नाही. चोर परत येतो आणि एकच प्रश्न विचारतो: तिकिटं एकूण किती? आकडा घेतो आणि दोन मिनिटांत जातो. क्लाउडफ्लेअरच्या तपासनिसांनी याला रंगीत तालीम म्हटलं आहे. माल किती, पोती किती लागतील, हे नक्की झालं.

शून्य: रविवार, १७ ऑगस्ट, दुपारी ४:४१

सॅन फ्रान्सिस्कोत रविवारची पहाट, ४ वाजून ११ मिनिटं. या वेळी तो नव्या पत्त्यावरून येतो, आधीच्या सर्व्हरवरून नाही. लॉगिन झाल्यावर अर्ध्या मिनिटात सेल्सफोर्सच्या ‘बल्क एपीआय’ला काम सांगतो. ही सोय एकगठ्ठा माहिती हलवायची आहे, कंपन्या तिचा सर्रास उपयोग करतात. तो सांगतो: सगळ्या तिकिटांचा मजकूर द्या.

यंत्रणा देते. तीन मिनिटांहून जरा अधिक वेळ लागतो.

४:४५

ते काम यादीतून पुसायचा प्रयत्न तो करतो. काम पुसलं जातं, पण लॉग राहतात. पुढचा सगळा तपास त्या लॉगांवरच उभा राहिला.

चार दिवसांची टेहळणी आणि तीन मिनिटांची चोरी. एवढ्या वेळात पडावच्या पुलावर अडकलेली रिक्षा स्टेशनपर्यंतही पोचत नाही. संकेतस्थळाच्या कोपऱ्यात बॉट अजूनही पाहुण्यांना नमस्कार करत होता.

शून्यानंतर ३ दिवस: २० ऑगस्ट

सेल्सलॉफ्ट आणि सेल्सफोर्स मिळून ड्रिफ्टची सगळी टोकनं रद्द करतात. सेल्सलॉफ्टच्या संकेतस्थळावर एक सूचना लागते. क्लाउडफ्लेअरला अजून कुणी कळवलेलं नाही. या सूचनेचा आपल्याशी काही संबंध असेल, हेही तिथे कुणाच्या ध्यानात येत नाही.

६ दिवस: २३ ऑगस्ट

क्लाउडफ्लेअरला निरोप मिळतो. राखीपौर्णिमेच्या टकटकीपासून हा चौदावा दिवस.

९ ते ११ दिवस: २६ ते २८ ऑगस्ट

गूगल मोहिमेचा तपशील जाहीर करतं आणि टोळीला यूएनसी६३९५ हा क्रमांक देतं. मध्ये एक दिवस गणेश चतुर्थीचा. २८ तारखेला त्याहून वाईट बातमी येते: फक्त सेल्सफोर्स नव्हे, ड्रिफ्टला जे जे जोडलं असेल ते सगळं बाधित समजा. आता नावं बाहेर येऊ लागतात. झीस्केलर, पालो अल्टो नेटवर्क्स, प्रूफपॉइंट, टेनेबल. इतरांना सुरक्षा विकणाऱ्या कंपन्या एकामागोमाग एक सांगू लागतात, की आमच्याही सपोर्टच्या नोंदी गेल्या.

१६ दिवस: २ सप्टेंबर

क्लाउडफ्लेअर ग्राहकांना कळवते आणि सगळा घटनाक्रम छापते. चोरीला गेलेल्या तिकिटांचा मजकूर तिच्या माणसांनी स्वतः चाळला. चोर जे शोधेल तेच शोधायचं, त्याच्या आधी. १०४ टोकनं सापडली. ती सगळी बदलली. त्यांचा गैरवापर झाल्याचं दिसलं नाही. आणि दोष पुरवठादारावर ढकलून मोकळं न होता कंपनीनं कबूल केलं, की आम्ही कोणती अवजारं वापरतो याची जबाबदारी आमची.

१९ दिवस: ५ सप्टेंबर, दुपारी ३:३०

अनंत चतुर्दशीचा आदला दिवस. सेल्सलॉफ्ट ड्रिफ्ट पूर्ण बंद ठेवते. संकेतस्थळांच्या कोपऱ्यातला चौकोन नाहीसा होतो.

मोजणी कुठून करायची?

घटनाक्रम लिहिताना शून्य कुठे ठेवायचं, हे लिहिणारा ठरवतो. मी ते ४:४१ वर ठेवलं, कारण माल तेव्हा गेला. पण त्या मिनिटाला थांबवता येण्यासारखं फार थोडं उरलं होतं. थांबवायच्या जागा आधी होत्या, आणि त्या सगळ्या कंटाळवाण्या होत्या.

ओक्टा या कंपनीकडेही हीच टोळी ड्रिफ्टचं असंच टोकन घेऊन गेली. तिला आत शिरता आलं नाही. ओक्टानं आधीच ठरवून ठेवलं होतं, की हा परवाना अमुक पत्त्यांवरूनच चालेल. भलत्या पत्त्यावरून खरी किल्ली दाखवली तरी दार बंद. त्यासाठी कुठलाही एआय लागला नाही. सेटिंगच्या पानावरचा एक रकाना कुणीतरी शहाण्या माणसानं भरला होता.

बाकीच्या जागाही तितक्याच साध्या. गप्पा नोंदवणाऱ्या एजंटला सगळी जुनी तिकिटं वाचायचा हक्क कशाला? एका वेळी एक नोंद पाहणाऱ्याला एकगठ्ठा उतरवायची सोय कशाला? तिकिटात पासवर्डसारखं काही दिसलं तर साठवण्याआधीच ते झाकून टाकणं अवघड नाही. ट्रफलहॉग जे चोरासाठी हुंगतं तेच मालकासाठीही हुंगू शकतं. आणि जोडणीचं नाव, ती कोणी दिली, कशासाठी, कधी संपणार, अशी चार रकान्यांची यादी ठेवायला वही पुरते.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे: सायबर घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवा, लॉग १८० दिवस जपा. चांगला नियम. पण सहा तास सुरू होतात ध्यानात आल्यावर. क्लाउडफ्लेअरसारख्या पहारेकऱ्यालाही ते ध्यानात आलं दुसऱ्यानं सांगितल्यावर, सहा दिवसांनी. स्टेशनसमोरचं एखादं हॉटेल उद्या बुकिंगसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर एजंट बसवेल. पाहुण्यांची नावं, फोन, आधारच्या प्रती त्याच्या हाती देईल. तिथे कोण सांगायला येणार?

हे हॉटेल जे एजंट घेईल ते ड्रिफ्टहून कितीतरी करामती असतील. ड्रिफ्ट मुख्यतः बोलायचं आणि नोंदवायचं. नवे एजंट पैसे परत करतात, बुकिंग बदलतात, पत्ता बदलतात, दुसऱ्या एजंटला काम सांगतात. प्रत्येक नव्या कामासाठी नवा परवाना लागतो. विकणारा माणूस दाखवताना एजंट किती गोड बोलतो तेच दाखवतो, आणि घेणारा त्यालाच भुलतो. सौद्याच्या वेळी एजंटचा आवाज ऐकू नये, त्याच्या परवान्यांची यादी मागावी. कोणती दारं, किती दिवस, कुठल्या पत्त्यावरून, आणि बंद करायचं बटण कुणाच्या टेबलावर. विकणाऱ्याला ही यादी तिथल्या तिथे देता आली नाही, तर एजंट कितीही हुशार असो, तो घेऊ नये.